खडा दाण्यातच असला तर?



गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यातून एक पत्र आलंय. पत्र लिहिणारी मुलगी नववीत शिकते. तिचं नाव मुद्दाम छापत नाही, कारण पत्रात थोडा रागही आहे आणि ज्यांच्यावर राग आहे ती मुलंही कदाचित हे पान वाचत असतील!

झालं असं. विज्ञान प्रदर्शनात एका टेबलावर सीलबंद काचेची बाटली ठेवली होती. आत काळी, काजळीसारखी भुकटी. पाटीवर लिहिलं होतं, ‘कार्बन नॅनोट्यूब’. टेबलामागचा दादा बाटलीला बाहेरून चुंबक लावायचा आणि ती भुकटी सरसर काचेवर चढायची. पाटीवर दुसरी ओळ होती, ‘चुंबकीय कार्बन’. आपल्या वाचक मैत्रिणीनं विचारलं, “कार्बन तर चुंबकाला चिकटत नाही. यात लोखंड मिसळलंय का?” तर सगळे हसले. “नॅनो झालं की नियम बदलतात,” असं उत्तर मिळालं.

पोरगी गप्प बसणारी नव्हे. घरी आल्यावर तिनं चुलीतला कोळसा, पेन्सिलीचं शिसं आणि कापूर जाळून ताटलीवर धरलेली काजळी, अशा तिघांनाही चुंबक लावून पाहिला. काहीच चिकटलं नाही. पुढे ती लिहिते, “माझे बाबा राईस मिलमध्ये कामाला आहेत. तिथे धान आत जाण्याआधी चुंबकावरून जातं. लोखंड असेल तेच चुंबकाला धरतं, तांदूळ नाही. मग माझा प्रश्न मूर्खासारखा होता का?”

मुळीच नव्हता. हाच प्रश्न वेळेवर नीट न विचारल्यामुळे मोठमोठे शास्त्रज्ञ फसले आहेत. तो किस्सा पुढे येतोच. आधी ती भुकटी म्हणजे काय ते पाहू.

कार्बनच्या अणूंचा एक अणू जाडीचा पत्रा कल्पनेत आणा. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी षटकोनी जाळी. हा पत्रा गुंडाळून त्याची नळी केली की झाली नॅनोट्यूब. एकच पदर असेल तर तिची जाडी साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपला एक केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. कधी एकात एक अशा बऱ्याच नळ्या असतात, त्या जाड होतात.

जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये अशा अनेकपदरी नळ्यांचं वर्णन छापलं आणि जगभर धांदल उडाली. (अशा पोकळ नळ्यांचे फोटो १९५२ मध्ये सोव्हिएत संघातल्या दोन शास्त्रज्ञांनीही छापले होते, पण रशियन नियतकालिकात, बाहेर फारसं कुणी पाहिलं नाही.) इजिमांच्या त्या पहिल्या नळ्यांना धातूची गरज पडली नव्हती. एकपदरी नळी मात्र तशी काही केल्या बनेना. ती बनली १९९३ मध्ये, दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी योगायोगानं. इजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यानं लोह वापरलं होतं. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड बेथून आणि मंडळींनी कोबाल्ट वापरला होता. दोघांचे लेख ‘नेचर’च्या एकाच अंकात आले.

यातली गंमत पाहा. बेथून यांना नळ्या नकोच होत्या. कार्बनच्या पिंजऱ्यात चुंबकीय धातूचे बारीक कण कोंडता येतात का, हे त्यांना बघायचं होतं. हवे होते कण, मिळाल्या नळ्या. त्यानंतर आजपर्यंत लोकांना नळ्या हव्या आहेत, आणि ते कण काही पाठ सोडत नाहीत!

हे कण येतात कुठून? नळ्या बनवण्याची आजची नेहमीची रीत अशी : कार्बन असलेला वायू किंवा वाफ तापलेल्या भट्टीतून सोडायची. भट्टीत लोह, कोबाल्ट किंवा निकेलचे अतिसूक्ष्म कण असतात. वाफ या कणांवर आपटून फुटते आणि तिच्यातला कार्बन धातूत विरघळतो. पाकात साखर मावेनाशी झाली की खडे धरू लागतात, तसा कणात कार्बन मावेनासा झाला की तो बाहेर पडू लागतो आणि नळीच्या रूपानं वाढत जातो. कण केवढा त्यावर नळी केवढी हे बरंचसं ठरतं. सोऱ्यात जाड भोकाची चकती घातली तर शेव जाड पडते ना, तसंच. धातूचं हे काम उत्प्रेरकाचं. नळी घडवायची, आपण मात्र नळीचा भाग व्हायचं नाही.

यात आपल्या महाराष्ट्राचाही हात आहे. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक महेश्वर शेरॉन यांनी चक्क कापूर घेतला. हो, आरतीचा कापूर! त्यातल्या कार्बनपासून त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नाना आकारांचे नॅनो-पदार्थ बनवले. कापरापासून मिळालेल्या स्पंजासारख्या कार्बन-मण्यांवरच्या १९९८ च्या एका लेखात शेरॉन यांच्याबरोबर खुद्द इजिमांचंही नाव आहे. पुढे त्यांचे विद्यार्थी मुकुल कुमार यांनी जपानमध्ये योशिनोरी आंदो यांच्याबरोबर कापरापासून नॅनोट्यूब बनवण्याची रीत पक्की केली. कापराच्या वाफेबरोबर ते फेरोसीन नावाचं संयुग सोडत. फेरोसीनच्या रेणूत लोहाचा एक अणू असतो. भट्टीत रेणू फुटतो आणि लोहाचे अणू जमून कण बनतात.

आता आमच्या मैत्रिणीच्या लक्षात येईल की तिची कापराची काजळी आणि प्रयोगशाळेतली कापराची भुकटी यांत काय फरक आहे. तिच्या ज्योतीत लोह नव्हतं. त्यामुळे नळ्या झाल्या नाहीत आणि काजळी चुंबकाकडे धावलीही नाही.

काम संपलं की कणानं बाजूला व्हायला हवं. पण तो होत नाही. काही कण नळीच्या बुडाशी बसतात, काही टोकावर टोपीसारखे, काही पोटात अडकतात. भट्टी थंड होताना उरलेला कार्बन त्यांच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखा गुंडाळला जातो. भुकटी काचेवर चढली ती या कणांमुळे. कण ओढले गेले आणि त्यांना चिकटलेल्या नळ्या फरफटत मागे गेल्या. बाजारात येणाऱ्या कच्च्या एकपदरी नळ्यांमध्ये एकेकाळी वजनाच्या पाव हिस्सा लोह असणं नवलाचं नव्हतं.

आणि कार्बन स्वतः? तो चुंबकाकडे ओढला जात नाही, इतकंच नव्हे, तर ग्रॅफाइट चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकललं जातं. हे घरी पाहता येतं. दाबायच्या पेन्सिलीतलं बारीक शिसं घ्या. धाग्यानं मधोमध बांधून आडवं लटकवा आणि पंखा बंद करा. ते स्थिर झालं की एका टोकाजवळ जोरदार चुंबक हळूच न्या. शिसं सावकाश मागे सरकेल. मागे सरकलं नाही आणि पुढे आलं, तर समजा की शिशात लोखंडाचा अंश आहे. (ते छोटे चकचकीत चुंबक लहान भावंडांच्या हाती देऊ नका. दोन गिळले गेले तर पोटात आतड्याला चिमटा बसतो आणि ऑपरेशनची वेळ येते.)

आता थोडं अवघड. तेवढं सोसा, कारण इथेच खरी मजा आहे.

लोखंडाची सुई चुंबकावर घासली की सुई चुंबक होते. चुंबक दूर नेला तरी सुईला ‘आठवण’ राहते. पण लोहाचा कण पाच नॅनोमीटरचा असेल तर? अशा कणात साधारण साडेपाच हजार अणू असतात. ते सगळे मिळून एकच चिमुकला चुंबक बनवतात, त्याची उत्तर-दक्षिण ठरलेली. पण आजूबाजूच्या उष्णतेनं तो सारखा हिंदकळतो. आपल्या खोलीतली साधी उष्णतासुद्धा त्याला उलटंसुलटं करायला पुरते, आणि तेही सेकंदात कोट्यवधी वेळा. चुंबक जवळ आणला की असे सगळे कण ‘सावधान’ होऊन एका दिशेला वळतात आणि जोरात ओढले जातात. चुंबक नेला की लगेच ‘विश्राम’! आठवण शून्य. अशा वागण्याला सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात. हीच भुकटी खूप थंड केली तर कणांचं हिंदकळणं गोठतं आणि त्यांना आठवण राहू लागते. कण जेवढा मोठा, तेवढा तो कमी थंडीत गोठतो. म्हणून भुकटी थंड करत आणि तापवत तिचं चुंबकत्व मोजलं की आत केवढाले कण आहेत याचा अंदाज बांधता येतो. बाटली न फोडता आतल्या चोराच्या पायाचं माप घेण्यासारखंच हे!

तापवण्याचाही एक उपयोग आहे. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचं एक तापमान असतं. त्याच्या वर गेलं की तो चुंबकाला मोठ्या जोरानं ओढून घेणं सोडतो. याला क्युरी तापमान म्हणतात. लोहाचं सुमारे ७७० अंश सेल्सिअस, निकेलचं सुमारे ३५५, कोबाल्टचं ११०० च्या वर. लोह आणि कार्बन मिळून बनणाऱ्या सिमेंटाइटचं सुमारे २१० अंश. (नावात सिमेंट असलं तरी घराच्या सिमेंटशी त्याचा संबंध नाही.) हा २१० आकडा लक्षात ठेवा.

आता तो किस्सा. २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये एक लेख आला. फुटबॉलसारखे कार्बनचे रेणू असतात, साठ अणूंचे. ते प्रचंड दाबाखाली तापवून एकमेकांना जोडले, तर तयार होणारा निव्वळ कार्बन चुंबकासारखा वागतो, असा त्या लेखाचा दावा होता. साध्या खोलीच्या तापमानालाच काय, सुमारे २३० अंशांपर्यंत! बातमी जगभर गेली. धातूशिवाय चुंबक म्हणजे केवढी मोठी गोष्ट! मग लोक तपासू लागले. नमुन्यांमध्ये लोह किती आहे हे पुन्हा मोजलं तेव्हा ते आधी सांगितल्यापेक्षा पुष्कळ जास्त निघालं. आणि तो २३० चा आकडा? सिमेंटाइटच्या २१० ला फारच जवळचा. २००६ मध्ये तो लेख मागे घेण्यात आला.

म्हणजे आमगावच्या मुलीनं टेबलाशी उभं राहून जे विचारलं, तेच विचारायला तिकडे काही वर्षं जावी लागली.

कार्बन स्वतःच्या बळावर कधीच चुंबक होत नाही, असं मात्र म्हणू नका. २०१९ मध्ये ग्राफीनचे दोन एक-अणू जाडीचे पत्रे एकमेकांवर नेमक्या कोनात फिरवून ठेवले आणि अतिशय थंड केले, तेव्हा त्यांच्यात चुंबकत्व दिसलं. तेव्हा आपल्या मैत्रिणीला हसणाऱ्या दादाचं ‘नियम बदलतात’ हे वाक्य अगदीच फेकाफेकी नाही. पण असा दावा करायचा तर आधी लोह नाही हे दाखवावं लागतं, आणि त्या बाटलीबाबत तसं कुणी दाखवलेलं दिसत नाही.

एवढंसं लोह राहिलं तर बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं. मोबाइलच्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीत आता नॅनोट्यूब घालतात. तिथे धातूचा कण भलत्या जागी गेला तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं. नळ्या श्वासावाटे फुप्फुसात गेल्या तर काय होतं हे तपासताना २००६ मध्ये अमेरिकेत दोन प्रकारच्या नळ्या घेतल्या होत्या : २६ टक्के लोह असलेल्या आणि धुऊन ०.२३ टक्क्यांवर आणलेल्या. लोहवाल्या नळ्यांनी पेशींमध्ये जास्त गडबड उडवली. म्हणजे ‘नॅनोट्यूब घातक आहेत का?’ या प्रश्नाचं उत्तर देताना, आपण नळीबद्दल बोलतोय की आतल्या लोहाबद्दल, हे आधी ठरवावं लागतं. (आणि म्हणूनच ती बाटली सीलबंद होती. ती कधीही उघडू नका.)

मग काढून टाका ना ते लोह! राईस मिलमध्ये काढतात तसं.

गोंदियाच्या मुलांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. धान बांधीतून खळ्यावर आणि खळ्यावरून मिलमध्ये येतं तेव्हा त्यात काडी, माती, खडे तर असतातच, शिवाय एखादा खिळा, नट, तारेचा तुकडा असतो. तो आत गेला तर तूस काढणाऱ्या रबरी रुळांची वाट लागते. म्हणून वाटेत चुंबक. धान पुढे जातं, खिळा चिकटून राहतो. सोपं, कारण खिळा वेगळा आणि दाणा वेगळा.

पण खडा दाण्यातच असला तर? चुंबक दाण्यासकट ओढणार! नॅनोट्यूबचं नेमकं हेच दुखणं. मग आम्लात टाकू, लोह विरघळेल. तेही नाही. कणाभोवती कार्बनचे पापुद्रे असतात, आम्ल आत शिरतच नाही.

हे कवच किती पक्कं असतं याचा एक नमुना २००६ चाच आहे, योगायोगानं ‘नेचर’मधलाच. जर्मनीत ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा तुकडा तपासला. या तलवारींचं पोलाद, ज्याला ‘वूट्झ’ म्हणतात, आपल्याकडे दक्षिणेत तयार व्हायचं. तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्यासाठी नावाजलेलं गाव. तुकड्यावर आम्ल टाकलं तेव्हा आजूबाजूचं लोखंड गेलं, पण कार्बनच्या नॅनोनळ्या दिसल्या आणि काहींच्या पोटात सिमेंटाइटच्या तारा जशाच्या तशा होत्या. नळीनं त्यांना आम्लापासून सांभाळलं होतं. लोहाराला नॅनो हा शब्दही ठाऊक नव्हता!

हा गुंता सोडवणाऱ्यांत राईस विद्यापीठ पुढे होतं. हसू नका, अमेरिकेत ह्यूस्टनला या नावाचं विद्यापीठ खरंच आहे. विल्यम मार्श राईस नावाच्या धनिकाच्या पैशातून ते उभं राहिलं. तांदळाशी काही संबंध नाही. साठ अणूंचा कार्बन-फुटबॉल १९८५ मध्ये तिथेच सापडला. त्यासाठी तिथल्या रिचर्ड स्मॉली आणि रॉबर्ट कर्ल यांना ब्रिटनच्या हॅरोल्ड क्रोटो यांच्याबरोबर १९९६ चं नोबेल मिळालं. स्मॉलींच्या गटानं २००१ मध्ये दाखवलं की कच्च्या नळ्या ओलसर हवेत सुमारे २२५ अंशांवर तापवत ठेवल्या तर आतलं लोह गंजू लागतं. गंज म्हणजे लोह आणि ऑक्सिजन. तो लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. स्लॅबमधली सळई गंजली की सिमेंटचा पोपडा पडतो, तो त्यामुळेच. इथे गंज फुगतो आणि कार्बनचं कवच तडकतं. मग मिठाचं आम्ल आत शिरतं आणि लोह धुऊन नेतं. असं टप्प्याटप्प्यानं तापमान वाढवत केलं की धातू एक टक्क्याच्या खाली येतो.

ओलावा, उष्णता आणि तडकलेलं कवच. उकडा तांदूळ, ज्याला आपल्याकडे उसना म्हणतात, तो करताना धान भिजवून वाफवतात आणि तूस सैल होऊन फुटतं, ते आठवलं का? राईस विद्यापीठात कुणाला ते आठवलं असेल असं नाही, पण आमगावात आठवायला हरकत नाही.

शेवटचा एक टक्का मात्र फार चिवट असतो. जोर केला तर नळ्याच जळतात किंवा फाटतात. तांदूळ जास्त पॉलिश केला तर कणी वाढते, तसं.

तर मैत्रिणी, आता पुढचं काम तुझं. त्या बाटलीत लोह आहे का, हे नुसत्या चुंबकानं पूर्ण सिद्ध होत नाही. निकेल आणि कोबाल्टही चुंबकाकडे धावतात. म्हणून ज्या कॉलेजची ती बाटली आहे तिथल्या केमिस्ट्रीच्या सरांना किंवा मॅडमना भेट. भुकटी त्यांनीच काढायची, तोंडाला योग्य मास्क बांधून आणि धूर ओढणाऱ्या कपाटात. तू लांबून बघायचं. चिमूटभर भुकटी वजन करून चिनी मातीच्या मुशीत घालायची आणि ७००-८०० अंशांच्या भट्टीत हवेवर जाळायची. कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाईल. मुशीच्या तळाशी जे उरेल त्याचा रंग बघायचा. विटकरी लाल असेल तर ते लोहाचं ऑक्साइड, म्हणजे गंजाचाच भाऊ. हिरवट राखाडी निघालं तर निकेल असू शकतं, काळं निघालं तर कोबाल्ट.

लाल निघालं तर गणितही कर. लोहाच्या या ऑक्साइडमध्ये वजनाच्या साधारण ७० टक्के लोह असतं. समजा १०० मिलिग्रॅम भुकटी जाळली आणि १० मिलिग्रॅम लाल पूड उरली, तर लोह ७ मिलिग्रॅम, म्हणजे भुकटीत ७ टक्के लोह होतं.

तोवर बाकीच्यांनी एक करा. राखेच्या विटा, ज्यांना फ्लाय अॅश विटा म्हणतात, त्यांचं काम जवळपास चाललं असेल तर मोठ्यांना विचारून थोडी कोरडी राख कागदावर घ्या. तिरोड्याला तर कोळशावर चालणारं ३३०० मेगावॉटचं वीजकेंद्रच आहे, तिकडच्या मुलांना ही राख ओळखीची असेल. नाकाला रुमाल बांधा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून राखेवरून फिरवा. पिशवीला जे काळे कण चिकटतील ते बहुतेक लोहाच्या ऑक्साइडचे असतात. भिंग असेल तर त्यातले काही गोल मणी दिसतील. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी अशाच राखेचा उत्प्रेरक म्हणून वापर करून तिच्यावर नॅनोट्यूब वाढवल्या आहेत.

मुशीतला रंग कोणता निघाला, हे आमगावहून पत्रानं कळवायचं. आणि त्या टेबलामागच्या दादालाही भट्टीजवळ बोलवायचं. पाटी त्यानंच लिहिली होती, तेव्हा मुशीत काय उरलं ते त्यालाही पाहू दे.